बॅफल, बबलर आणि काका
महापे एमआयडीसीत आज दिवसभर मोल्डफ्लोमध्ये (प्लास्टिकचा साचा आधी स्क्रीनवर तपासायचं सॉफ्टवेअर) कूलिंग लाइन, म्हणजे साचा थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटा, काढत बसलो. बादलीचा उंच कोअर (बादलीची आतली बाजू घडवणारा साच्याचा भाग), म्हणून बॅफल, म्हणजे पाण्याच्या भोकाचे उभे दोन भाग करणारा पत्रा. आपल्याला भोकातला पत्रा दिसतो, सॉफ्टवेअरला मात्र दोनच चॅनल कळतात: एक वर जाणारा, एक खाली येणारा. दोघांनाही हीट ट्रान्सफर इफेक्टिव्हनेस (चॅनल किती उष्णता ओढतो ते; 0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.5. बबलरचा (नळीतून पाणी वर, तिच्या भोवतीने खाली) हिशोब निराळा: आतली नळी 0, भोवतीची जागा 1. साच्याबाहेरच्या होजलाही 0. नाहीतर कोअर स्क्रीनवर थंडगार आणि मशीनवर बादली वाकडी!

रेनॉल्ड्स नंबर (पाणी किती घुसळत वाहतं त्याचा आकडा; घुसळलं की उष्णता जास्त ओढतं) 10,000 च्या वर आला म्हणून मी खुश, तर टूलरूमचे काका म्हणतात, "ते रंगीत चित्र राहू दे रे, चॅनलमध्ये क्षार किती साचलाय ते बघ आधी." काकांचं सॉफ्टवेअर भारीच आहे. उद्या लाइन उघडून बघतोय.