आजोबा एवढंच म्हणाले, ‘दार्जिलिंग’

शनिवारी इथे हंगेरीत, बुडापेस्टच्या एचेरी या जुन्या वस्तूंच्या बाजारात, पितळी दिवा शोधत होते. एका आजोबांच्या टेबलावर नाणी मांडलेली होती, त्यातलं एक सहज उचललं. आपल्या जुन्या रुपयापेक्षा मोठं, 100 फोरिंट, साल 1984, आणि एका माणसाचा चेहरा. ‘इंडिया?’ आजोबांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी त्या चेहऱ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, ‘दार्जिलिंग.’ मी पर्स उघडली, तर त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवून माझीच मूठ मिटली. पैसे घेतलेच नाहीत.

तो चेहरा कोरोशी चोमा शांदोर यांचा. (इथे आडनाव आधी, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.) नाणं त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीचं. हंगेरियन लोक मुळात आशियातून कुठून आले, हे शोधायला ते 1819 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातून निघाले आणि बरीचशी वाट पायी तुडवत लडाखला पोचले. झंस्कारमधल्या झांगला गावी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, विस्तवाशिवाय, एका लामांपाशी बसून तिबेटी शिकले. पूर्वजांचं मूळ सापडलं नाही. हाती आला तो 1834 मध्ये कलकत्त्यात छापलेला तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण. ल्हासाला निघाले असताना तापाने गाठलं आणि 11 एप्रिल 1842 रोजी ते दार्जिलिंगमध्ये वारले.

हे घरी येऊन वाचलं आणि फार लाज वाटली. दार्जिलिंगला मी जाऊन आले आहे. टायगर हिल, टॉय ट्रेन, चहा, सगळं झालं. त्यांच्या कबरीकडे कुणी नेलं नाही, मीही विचारलं नाही. पण आपण ती विसरलोय असंही नाही, आपल्या पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित स्मारक म्हणून जपली आहे.

ऑफिसातल्या एकीने विचारलं, तुमच्याकडे विद्वानांची नाणी काढतात का? मी जरा जोरातच सांगितलं, काढतात. बाबासाहेबांचा रुपया 1990 चा. ज्ञानेश्वरांचा 1999 चा. इथली संग्राहकांची नाणी कायदेशीर चलन असूनही डबीत बंद असतात, त्यांनी कुणी पाव आणत नाही. आमचे ज्ञानोबा मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी या हातातून त्या हातात गेले. मला हेच जास्त आवडतं, आणि हे मी तिला पटवूनच थांबले.

रात्री मात्र बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आठवले. तेही असेच. बुद्धाच्या ओढीने 1899 मध्ये गोव्यातलं घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल म्हणजे श्रीलंका, पाली भाषा शिकण्यासाठी केवढी वणवण! आणि त्यांचे चिरंजीव, गणिती आणि इतिहासकार दामोदर, ज्यांनी हजारो प्राचीन आहत (ठसे ठोकून बनवलेली) नाणी एकेक करून तराजूत तोलली. नाणं जितकं हातांतून फिरतं तितकं झिजतं, वजन घटतं, त्यावरून त्यांनी नाण्यांचा काळ लावला. या बापलेकांचा चेहरा असलेलं नाणं मला कुणाच्या तळहातावर ठेवायला हवं होतं. ते माझ्याकडे नाही, याचं वाईट वाटलं.

माझ्या देव्हाऱ्यात आईने दिलेला ज्ञानेश्वरांचा रुपया आहे. कडा गुळगुळीत झाल्यात, चेहरा पुसट आहे. येत्या शनिवारी तो आजोबांना नेऊन देणार आहे. हंगेरियन मला अजून धड येत नाही. चेहऱ्यावर बोट ठेवीन आणि म्हणेन, ‘आळंदी.’