ऑप्शन्सचा प्लेथोरा आणि लालबुंद चेहरा

परवा ऑफिसच्या एका मेलमध्ये मी मोठ्या झोकात लिहिलं की आपल्याकडे ऑप्शन्सचा प्लेथोरा आहे. सेंड करणार तेवढ्यात मागून मावसभाऊ डोकावला आणि म्हणाला, "ताई, तुझ्या ऑप्शन्सना कुशिंग झालंय का?" हा मेडिकलला आहे, परीक्षा तोंडावर आलीये, त्यामुळे सध्या त्याला जिथे तिथे रोगच दिसतात, तरी मला ओ की ठो कळलं नाही. मग त्याने त्याचं ते उशीएवढं पुस्तक उघडून कुशिंगच्या, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन फार वाढून होणाऱ्या आजाराच्या, पेशंटचा एक फोटो दाखवला. गोल गरगरीत, सुजल्यासारखा चेहरा, गाल आणि कपाळ असं लाल की वाटावं माणूस आत्ताच उन्हातून धावत आलाय, आणि खाली छापलेलं, फेशियल प्लेथोरा. म्हणजे जो शब्द मी 'भरपूर' म्हणून वापरत होते तो अजूनही दवाखान्यात नोकरीला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ चेहऱ्यावर रक्त जास्त झाल्यासारखी लाली असा आहे!

मग काय, मेल राहिला बाजूला आणि मी या शब्दाच्या मागे लागले.

मूळ शब्द ग्रीक, आणि अर्थ साधा, भरलेलं असणं. पण ग्रीक वैद्यांच्या हातात तो पडला आणि रोगाचं नाव झाला. त्यांचा हिशोब असा की शरीरात चार द्रव, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि त्यांचं प्रमाण बिघडलं की माणूस आजारी. आपण वात-पित्त-कफ ऐकत मोठे झालेलो, त्यामुळे ही कल्पना आपल्या डोक्यात लगेच बसते. तर त्यातलं रक्त किंवा एकूणच द्रव वाजवीपेक्षा जास्त झाले की तो प्लेथोरा. लक्षणं काय, तर चेहरा लाल, शिरा टम्म फुगलेल्या, नाडी भरलेली, अंग जड, डोकं जड आणि सारखी झोप. (शेवटची तीन मला रोज दुपारी तीन वाजता असतात, असो.)

इसवी सनाच्या आधीच्या तिसऱ्या शतकात एरासिस्ट्राटस नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने तर बऱ्याचशा आजारांचं खापर प्लेथोरावरच फोडलं. त्याच्या मते रक्त फक्त निळ्या शिरांत असतं आणि धमन्यांत नुसती हवा. शिरा फार भरल्या की रक्त उतू जाऊन भलत्या ठिकाणी, म्हणजे धमन्यांत शिरतं, आणि मग सूज, ताप वगैरे. चुकीचं आहे सगळं, पण चुकीचं असूनही किती व्यवस्थित आहे बघा, अगदी तुंबलेल्या पाइपलाइनसारखं. आणि उपाय पण त्याच लॉजिकचा, वरून भरणं बंद करा, म्हणजे उपास करा. रक्त काढायला तो फारसा राजी नव्हता.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आला गेलन, रोममधला बडा डॉक्टर, आणि तो म्हणाला की जास्त झालंय ना, मग काढा की बाहेर! शीर उघडा आणि रक्त सोडा. आपलं म्हणणं पटवायला या गेलनने रक्त काढण्यावर तीन पुस्तकं लिहिली, त्यातली दोन एरासिस्ट्राटस आणि त्याच्या चेल्यांना झोडपायला. एरासिस्ट्राटसला जाऊन तेव्हा चारएकशे वर्षं झाली होती पण गेलनचा राग काही कमी नव्हता. आणि प्लेथोरावर वेगळं पुस्तक लिहिलं ते निराळंच. एकट्या माणसाचं लिखाण एकोणिसाव्या शतकात एकत्र छापलं तर वीसेक जाडजूड खंड झाले, म्हणजे प्लेथोरा नक्की कोणाला झाला होता हा प्रश्नच आहे.

पण गेलनचं एक म्हणणं मला फार आवडलं, म्हणजे वाचून मी खरंच दोन मिनिटं थांबले. तो म्हणतो, जास्त होणं दोन प्रकारचं असतं. एक, भांड्याच्या मानाने जास्त, म्हणजे शिरांत मावेनासं झालंय, ताण पडतोय. आणि दुसरं, ताकदीच्या मानाने जास्त, म्हणजे मावतंय सगळं, शिरा काही फुगलेल्या नाहीत, पण ते वागवायची शक्ती माणसात नाही. आता माझा फोन घ्या. त्यात चौदा हजार फोटो आहेत. फोन काही बोलत नाही, त्याला जागा आहे. पण मागच्या वर्षीचा एक साधा फोटो शोधायला बसले तर अर्धा तास जातो आणि शेवटी तो सापडत नाही, सापडतात सतरा वेळा काढलेले एकाच ढगाचे फोटो. हा दुसऱ्या प्रकारचा प्लेथोरा, भांडं ठीक आहे, मी ठीक नाहीये. आपण 'खूप झालं' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रकार असतो आणि आपण उगाच जास्तीची स्टोरेज विकत घेत बसतो.

बरं, गेलनचं ऐकून लोकांनी पुढे दीड हजार वर्षं एकमेकांचं रक्त काढलं. न्हावी काढायचे, सर्जन काढायचे, काही ठिकाणी तर काही झालेलं नसताना वसंत ऋतूत सर्व्हिसिंग केल्यासारखं काढायचे. १४ डिसेंबर १७९९ ला जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजाराने गेले, त्या एका दिवसात त्यांचं चारदा मिळून अडीच लिटरच्या आसपास रक्त काढलं होतं असा अंदाज आहे, आणि अख्ख्या माणसात असतं पाच-सहा लिटर. फ्रान्समध्ये जळवांची इतकी क्रेझ आली की १८३३ या एका वर्षात चार कोटींहून जास्त जळवा बाहेरून मागवल्या. जळवांचा प्लेथोरा म्हणा हवं तर! शेवटी १८३५ मध्ये पिएर लुई नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शांतपणे पेशंट मोजले, न्यूमोनियात कोणाचं रक्त लवकर काढलं, कोणाचं उशिरा, कोण जगलं, आणि दाखवून दिलं की लोक समजतात तेवढा फायदा काही होत नाही. तरी प्रथा लगेच थांबली नाहीच.

या सगळ्या भानगडीत शब्द मात्र दवाखान्यातून हळूच सटकला. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला तो वैद्यकातला शब्द म्हणूनच, आणि १७०० च्या आसपास लोक तो रक्त सोडून बाकी गोष्टींना पण लावायला लागले. सुरुवातीला त्यात तक्रार होती, म्हणजे शब्दांचा प्लेथोरा म्हटलं की हा माणूस फार पाल्हाळ लावतोय असंच समजायचं. मग ती तक्रार झिजत झिजत गेली आणि आता उरलंय नुसतं 'खूप', उलट जरा कौतुकानेच. माझ्या मेलमधले ऑप्शन्स मी मिरवतच होते ना. काही इंग्रजीवाले अजूनही भांडतात की प्लेथोरा म्हणजे नको इतकं जास्त, नुसतं खूप नाही. पूर्वी मला हे लोक किरकिरे वाटायचे, पण तो फोटो बघितल्यापासून मी त्यांच्या बाजूने आहे.

गंमत म्हणजे सगळ्या भाषांत असं झालं नाही. फ्रेंचमध्ये वर्गात मुलं कोंबलेली असली की अजूनही प्लेथोरिक म्हणतात, त्यात नाराजी शाबूत आहे. इटालियनमध्ये ऑफिसात कामापेक्षा माणसं जास्त झाली तर हाच शब्द, आणि तोही नाक मुरडूनच. आणि स्पॅनिशमध्ये नेमकं उलटं, तिथे प्लेतोरिको माणूस म्हणजे आनंदाने, तब्येतीने अगदी ओसंडून वाहणारा. त्याच लाल गालांकडे एकाने आजार म्हणून बघितलं आणि दुसऱ्याने काय तेज आलंय म्हणून.

मराठीत आपण हे काम अजीर्णाकडून करून घेतो. सल्ल्यांचं अजीर्ण, सेमिनारचं अजीर्ण. आणि माझ्या मते हा शब्द प्लेथोरापेक्षा प्रामाणिक राहिलाय, कारण अजीर्ण झालं म्हणून कोणी मिरवत नाही, म्हणताना अजूनही पोटावर हात जातो. उपदेशाचे डोस पण तसेच, पाजणारा सोडून बाकी सगळ्यांना कडू लागतात.

अजून एक, हे भाऊ आणि मी दोघांनी मिळून शोधलं. प्लेथोराचा तो जो 'भरणे' वाला मूळ धातू आहे ना, तो फार जुना आहे, ग्रीक, लॅटिन, संस्कृत सगळ्यांचा सामाईक, आणि त्यातूनच आपला पूर्ण आला, नदीचा पूर आला, भरपूर मधला पूर पण तोच. इंग्रजीतले फुल, प्लस, प्लेन्टी हे सगळे त्याच घरातले. म्हणजे मेलमध्ये ऑप्शन्सचा पूर आलाय असं मी म्हटलं असतं तर शब्द घरचाच झाला असता आणि कुशिंगचा टोमणा पण ऐकावा लागला नसता. उच्चारावरून पण मी उगाच लाजत होते. इंग्रजीत जोर पहिल्या अक्षरावर देतात आणि मी लहानपणापासून 'थो' वर देत आले, पण ग्रीकमध्ये जोर 'थो' वरच आहे. चूक माझी पण पाठिंबा थेट ग्रीकांचा.

आणि रक्त काढायचं पूर्ण बंद झालंय असं समजू नका. पॉलिसायथेमिया व्हेरा नावाचा आजार आहे, त्यात अस्थिमज्जा खरोखरच लाल पेशी नको तितक्या बनवते, रक्त दाट होतं, गुठळ्या व्हायची भीती असते. त्यावर आजही एक मुख्य उपाय म्हणजे अधूनमधून रक्त काढून टाकणं, रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली राहील असं. भाऊ म्हणाला, बघ, गेलन एका आजारापुरता का होईना बरोबर निघाला. मी म्हटलं हो, पण त्याने तो सगळ्यांना लावला ना.

रात्री एक वाजता त्याने पुस्तक दाणकन मिटलं आणि म्हणाला, "पुरे आता." मी म्हटलं अरे, पुरे पण त्याच धातूतून आलाय, आणि तू परीक्षेत जी मागून घेशील ती पुरवणी पण. त्याने काही न बोलता हेडफोन कानात घातले.