शेफील्डचे दोन संगणक-चालक आणि रेशीमकिडे

‘ह्यूमन लीग’ हा ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक पॉप बँड म्हटला की बहुतेकांना 1981 नंतरची गुळगुळीत, लोकप्रिय गाणी आठवतात; माझा जीव मात्र त्यांच्या 1978 मधल्या पहिल्या सिंगलवर (स्वतंत्रपणे प्रकाशित झालेल्या गाण्यावर), ‘बीइंग बॉइल्ड’वर जडलेला आहे. पोलादाच्या भट्ट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये बँडमधले मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे संगणक-चालक म्हणून नोकरी करत होते, आणि गायक फिलिप ओकी रुग्णालयात हमाल होता. गिटार नको, ढोलवादक नको, असे ठरवून त्यांनी एका बंद पडलेल्या कारखान्यात घरगुती टेपरेकॉर्डरवर हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि एडिनबरोच्या ‘फास्ट प्रॉडक्ट’ या छोट्या कंपनीने ते प्रकाशित केले.

हेडफोन लावून ऐकले, तर ठेक्याची गंमत कळते. तो ढोलाचा नाहीच. रोलँड कंपनीच्या ‘सिस्टिम 100’ या सिंथेसायझरमधून, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यातून, काढलेला, वाफ सुटावी तसा फुसकारा आहे, आणि त्याखाली खर्जातली जड धून संथपणे पावले टाकत जाते. विषय तर त्याहून विलक्षण: रेशमासाठी उकळत्या पाण्यात टाकल्या जाणाऱ्या किड्यांची बाजू ओकी अगदी सपाट, गंभीर आवाजात मांडतो. आईची पैठणी कपाटात जपून ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला ते ऐकताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

1980 मध्ये वेअर आणि मार्श बाहेर पडले व त्यांनी ‘हेवन 17’ हा नवा बँड उभा केला. पुढच्या यशाचे मोल मी नाकारत नाही, पण तो फुसकारा नंतरच्या गाण्यांत मला पुन्हा सापडला नाही.