राजवाडा, आठवडा नववा: सावलीचं गणित

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात मी इंदूरचा राजवाडा बांधतोय. दर्शनी भाग पुरा झाला की शेडर (खेळात ऊन-सावली आणणारी जोड) लावून बघतो, असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. लावला. फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, १२० वरून थेट २३ वर. मी मान वळवायचो आणि राजवाडा सावकाश मागून यायचा.

यंत्र तेच: १६५० ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप, ४ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी). माइनक्राफ्टची जावा आवृत्ती, सोबत सोडियम (खेळ वेगवान करणारी जोड) आणि आयरिस (शेडर चालवणारी जोड), शेडर बीएसएल. इंदूरचा मे महिना, त्यामुळे लॅपटॉप कूलरसमोर. दमट हवा यंत्राला मानवत नाही असं दादा रोज ऐकवतो, पण मला मानवते त्याचं काय?

आधी सगळे करतात तेच केलं. ब्लूम (उजेडाभोवतीची झळाळी), मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा), पाण्यातली प्रतिबिंबं बंद. मिळाल्या ३ फ्रेम्स. राजवाड्यासमोर मी पाणीच ठेवलेलं नाही, तर प्रतिबिंबं बंद करून मिळणार तरी काय होतं म्हणा!

मग खेळाची खिडकी ओढून पाव आकाराची केली. भार पडद्यावरच्या पिक्सेलचा असेल तर फ्रेम्स उडी मारायला हव्यात. २६ च्या ३१ झाल्या, बस्स. म्हणजे दुखणं पडद्यावर नव्हतंच, सावलीत होतं. सावलीसाठी शेडर सगळं दृश्य सूर्याच्या जागेवरून पुन्हा एकदा काढतो, आणि त्या चित्राचा, म्हणजे सावलीच्या नकाशाचा, आकार खिडकी लहान केली म्हणून लहान होत नाही. मी दरवाज्यासमोर उभा राहून फक्त दर्शनी भिंत बघतोय, पण सूर्याला मागचा चौकही दिसतो. तोही काढला जातो, प्रत्येक फ्रेमला.

या नकाशाचं रिझोल्यूशन होतं ४०९६ (एका बाजूचे पिक्सेल), सावली काढायचं अंतर २५६ ब्लॉक. नुसतं रिझोल्यूशन २०४८ केलं तर नकाशाचे पिक्सेल चौथाईवर येतात, पण झरोक्याखालची कड करवतीसारखी दिसायला लागली. म्हणून अंतरही निम्मं केलं, १२८. तेवढाच नकाशा आता निम्म्या लांबीवर पसरतो, त्यामुळे कड ढोबळमानाने पहिल्याइतकीच रेखीव राहते. लांबच्या घरांची सावली गेली. जाऊ दे, तिथे अजून नुसते लोकरीचे ठोकळे आहेत. फ्रेम्स ४४.

उरलेला दोष माझ्या बांधकामाचा. खऱ्या वाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. लाकडी मजल्यांवर मी हौसेने ट्रॅपडोअर (खेळातल्या पातळ झडपा) आणि कुंपणांची जाळी ठोकली होती. पूर्ण ब्लॉक एकमेकांना चिकटले की मधल्या बाजू खेळ काढतच नाही. अशा अर्धवट तुकड्यांच्या बहुतेक बाजू काढाव्याच लागतात, आणि सावलीसाठी परत एकदा. सहाव्या-सातव्या मजल्यावरची मागची जाळी काढून तिथे साधी फळी लावली. खालून कुणाला कळतही नाही. ५२.

इथे मात्र मी हट्टी आहे: सावली पूर्ण बंद करून ९० फ्रेम्स घेणार नाही. सावली गेली की सात मजल्यांचा नुसता रंगवलेला पुठ्ठा होतो. झरोका भिंतीपासून एक ब्लॉक पुढे आलाय, हे डोळ्यांना सावलीच सांगते. शेडरवाल्यांना माझं सांगणं एवढंच, की आधी भिंतीला एका ब्लॉकचा उठाव द्या, मग सेटिंगला हात लावा.

आई मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "छान आहे रे, पण कबुतरं कुठायत?" खेळात कबुतरं नाहीत, पोपट आहेत. राखाडी पोपट झरोक्यात बसवून बघितला. लांबून चालून जातो.

पुढच्या खेपेला रात्र. तिथे वेगळंच त्रांगडं आहे: या शेडरमध्ये सावली पडते ती सूर्य-चंद्राचीच, कंदिलाला सावली नाही. दरवाज्यात बारा कंदील टांगलेत आणि चौकट सगळीकडून सारखीच पिवळी दिसतेय. सहा काढून टाकले. अजूनही जास्तच वाटतायत.