पुढे रेडियल, मागे नायलॉन

पुढच्या चाकांना नवे रेडियल टायर आणि मागच्या चाकांना जुने नायलॉन टायर घालून कुणी घाटात जाऊ नये. हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण टायरच्या दुकानातली पोरं ऐकत नाहीत. गिऱ्हाइकाकडं दोनच टायरचे पैसे असले की ते पुढं टाकायचे, कारण म्हणे स्टेअरिंग पुढं असतं. सप्टेंबरात कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गॅरेजला आलेली 1966 ची फियाट डिलाइट अशीच होती. काम होऊन गाडी गेली, तरी मी अजून तिचाच विचार करतोय.

गाडी अण्णांची. वय पंचाहत्तरीच्या पुढं. ही गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, आणि हँडलचा गिअर अण्णा आजही आवाज न करता टाकतात. मुलगा पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदोनदा येतो, तेव्हा घरची सगळी मंडळी ह्याच गाडीतून पन्हाळ्याला जातात. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी बघायला दसरा चौकात गर्दी होते, त्या दिवशी आपलीही गाडी धुऊन पुसून बाहेर निघाली पाहिजे, हा अण्णांचा नेम. तक्रार ब्रेकची होती.

"मिस्त्री, ब्रेक बघा हो. परवा वाघबिळाच्या वळणावर मागनं गाडी फिरली. पाऊस हुता, पर माझा वेग काय न्हवता."

चारही ड्रम उघडले. लायनिंग चांगलं, व्हील सिलिंडर कोरडे, कुठं गळती नाही. मग टायर बघितले आणि ब्रेकचं काम तिथंच थांबवलं.

नायलॉन म्हणजे बायस प्लाय. त्यात दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके आडवे पडतात, त्यामुळं वळणावर बाजूची भिंत वाकली की जमिनीला टेकलेला पट्टाही तिच्याबरोबर मुरडतो. रेडियलमध्ये दोऱ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि पट्ट्याखाली पोलादी तारांचा बेल्ट असतो. भिंत वाकते, पट्टा जमिनीवर सपाट राहतो. आता हाच टायर फक्त पुढं घातला तर नाक वळणात घट्ट बसतं आणि मागचं नायलॉन तेवढी पकड देऊ शकत नाही. शेपूट बाहेर जाते. ओल्या रस्त्यावर तर चालवणाऱ्याला सावरायलाही वेळ मिळत नाही. जोडी लावायचीच झाली तर रेडियल मागं लावावेत, एका ॲक्सलवर दोन जाती कधीही नकोत, आणि खरं म्हणजे चारही एकाच जातीचे हवेत. मागच्या नायलॉनवर 3111 हा आकडा होता. म्हणजे 2011 सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला माल. भिंतीवर बारीक चिरा. नक्षी मात्र भरपूर शिल्लक, म्हणून दुकानदारानं ‘अजून चालतील’ असं सांगून पाठवलेलं. रबर नक्षी बघून म्हातारं होत नाही.

मुलाचं म्हणणं, मागंही रेडियल घालून टाका. अण्णांचं म्हणणं, गाडी जुनी आहे, तिला नवीन तंत्र मानवत नाही, चारही नायलॉन घाला. मी अण्णांना सांगितलं, मिशेलिननं रेडियलचं पेटंट 1946 साली घेतलंय, तुमच्या डिलाइटच्या वीस वर्षं आधी. पण त्यांची शंका वेगळ्या अर्थानं बरोबर होती. टायर जुना की नवा ह्यापेक्षा गाडी कुठल्या टायरसाठी बांधली ते महत्त्वाचं. ह्या फियाटचं मूळ माप 5.20-14. रिम, कास्टर (पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं कललेला कोन), टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते), स्टेअरिंगचा हलकेपणा, सगळं नायलॉन धरून ठरवलेलं.

म्हणून आधी रिम. रेडियल वळणावर जास्त पकडतो आणि तो सगळा ताण रिमवर येतो. जुन्या गाड्यांना रेडियल घातल्यावर व्हील कॅप उडून जातात, त्याचं कारण हेच, रिम आतून लवते. पाचही रिम (स्टेपनी धरून) खरवडून साफ केल्या. मधली चकती जिथं कड्याला वेल्ड केलेली असते तिथं रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड मारली. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर रेघ उमटते. चार रिम स्वच्छ. पाचवीवर वेल्डच्या कडेनं बोटाच्या पेराएवढी काळपट ओली रेघ हळूहळू वर आली. शेजारच्या फाउंड्रीतल्या पोराला बोलावून त्याच्याकडच्या डाय पेनिट्रंटनं, म्हणजे भेगेत शिरणाऱ्या लाल रंगानं, खात्री केली. तीच रेघ, लाल रंगात. ही रिम पुढच्या डाव्या चाकाची होती, नवा रेडियल हिच्यावरच चढवलेला. टायर बदलणाऱ्यानं रिमकडं बघितलंच नव्हतं. ‘वेल्ड मारून घ्या की’ असं एकानं सुचवलं. मी ती रिम भंगारात टाकली आणि स्टेपनीची वापरली.

रेडियलचं माप दुकानदारानं 165/80 आर 14 दिलं होतं, डिझायरला बसतं ते. उंचीला मूळ टायरच्या जवळ आहे, म्हणून स्पीडोमीटर फारसा खोटा बोलत नाही, पण फियाटच्या अरुंद रिमला ते जरा रुंदच. मला 155 आवडला असता, पण सहज मिळतो तो 165. टायर ट्यूबलेस आणि रिम जुनी, तिच्या कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नाही, म्हणजे ट्यूब घालावीच लागते. तीही रेडियलची. आतले स्टिकर काढायचे, हात फिरवून कंगोरे बघायचे, फ्रेंच चॉक मारायची. नाहीतर ट्यूब घासून पंक्चर होते आणि शिव्या टायरला बसतात.

गॅरेजमध्ये दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची फियाट उभी होती, तिला चांगले नायलॉन होते. मालकाला फोन करून चारही चाकं मागून घेतली. एकाच दिवशी, एकाच गाडीला, एकाच घाटात दोन्ही जाती चालवून बघायच्या, असं अण्णांना आणि मुलाला सांगितलं. असं करायला मिळत नाही कधी. नायलॉनला टो-इन थोडं जास्त आणि हवा पुढं 22, मागं 24. रेडियलला टो-इन कमी आणि चारी चाकांना 28. टो-इन मी दोरी लावूनच बांधतो. लेझर मशिनमध्ये फियाटचं नाव नसतं, मग पोरं दुसऱ्याच गाडीचे आकडे घालून मोकळी होतात.

शिवाजी पूल ओलांडून केर्लीवरनं वर. रस्ता ओला, कडेला तांबडा चिखल. आधी नायलॉन. सुरुवातीला दणदण आवाज, कारण उभ्या गाडीच्या भारानं नायलॉन खालून सपाट होतो आणि गरम झाल्यावरच गोल होतो. मुलगा चालवत होता, तेव्हा गाडी रस्त्यावरच्या खोबणीमागं पळायची आणि तो सारखा हँडलशी झटायचा. मग अण्णा बसले. तेच टायर, तीच वळणं, आणि गाडी शांत. त्यांचा हात हँडलवर सतत किंचित हलत होता, गाडी भरकटण्याआधीच तो तिला आणून ठेवायचा. मागचं चाक सरकायला लागलं तेव्हा ते मला म्हणाले, "आता सांगाया लागली बघा," आणि पाय हलका केला.

दुपारी रेडियल. मुलगा सरळसोट वर गेला, एका हातानंही गेला असता. अण्णांना मात्र जमेना. त्यांचा हात सवयीनं हलायचा आणि गाडी प्रत्येक हालचाल ऐकायची. एका वळणावर त्यांनी सावरायला म्हणून दिलेल्या हँडलनं गाडी दरीकडच्या कठड्याकडं झुकली. काही झालं नाही. पण ते म्हणाले, "ही इचारायच्या आधीच वळती."

दोन्ही टायरची जात त्या दिवशी मला स्वच्छ दिसली. नायलॉनची पकड कमी, पण सुटताना तो आधी कळवतो. रेडियलची पकड जास्त, आणि ती जाते तेव्हा एकदम जाते.

परत येताना केर्लीजवळ एक रिकामी ट्रॉली दिवे न लावता वळली. अण्णांनी दाबून ब्रेक मारला, गाडी सरळ रेषेत थांबली. हीच जागा, हाच पाऊस आणि नायलॉन असते तर ड्रम ब्रेकवर ती तेवढ्यात थांबली नसती, हे मी खात्रीनं सांगतो. कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालं की ह्या रस्त्यावर अशा ट्रॉल्यांची रांग लागते. गाडीत सून असते, नातवंडं असतात. मी चारही रेडियल लावून दिले. दसऱ्यापुरते नायलॉन घालू का, असं मुलानं विचारलं, त्याला नाही म्हणालो. चाकं बदलली की टो-इनही बदलावं लागतं, आणि ते कुणी करत नाही.

माझा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. तरी दसऱ्याला गाडी मुलानंच चालवली. ज्या माणसाला ही गाडी अंगासारखी माहीत होती तो शेजारी बसला, आणि ते माझ्या हातून झालंय. एक उपाय आहे. कास्टर थोडं वाढवलं तर हँडल मध्यावर धरून राहील आणि अण्णांच्या हाताच्या हालचालीला गाडी इतकी उतावीळ होणार नाही. पण मग उभ्या गाडीत हँडल जड होतं, रेडियलनं ते आधीच जड झालंय, आणि अण्णांच्या उजव्या खांद्याचं दुखणं जुनं आहे. टो-इन तपासायला गाडी परत येणार आहे तेव्हा कास्टरसाठी एका बाजूला थोडंच पॅकिंग घालून न बघता दोन्हीकडं सारखं घालायचं, अण्णांना रंकाळ्याभोवती एक चक्कर मारायला लावायची, आणि खांदा काय म्हणतोय ते विचारून मगच बोल्ट आवळायचे, असं ठरवलंय.