काळं कुंकू

बडोद्याच्या रावपुऱ्यात माझं जुने फोटो दुरुस्त करायचं दुकान आहे. बहुतेक काम ठरलेलं: बुरशी काढा, वारलेल्या आजोबांना कोट चढवा. त्या दिवशी दांडिया बाजारातले एक काका धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला फोटो घेऊन आले. नऊवारीतली बाई, अंगभर दागिने.

"आजोबांची बहीण. मूकपटात कामं करायची. घरानं तिच्या नावानं अंघोळ केली होती."

म्हणजे जिवंतपणीच मेलेली. तिचा एकही सिनेमा आज पाहायला मिळत नाही. नायट्रेटची फिल्म ती. जळायची तरी, नाहीतर कुजून तिची भुकटी व्हायची. उरला हा फोटो, तोही आजीच्या ट्रंकेच्या तळाशी.

"आणि हे बघा," काकांनी बोट ठेवलं. "नवरा जिवंत असताना काळं कुंकू. आजी म्हणायची, त्यावरूनच ओळखा ती काय होती."

मी स्कॅन मोठा केला. कुंकू काळंभोर, आणि ओठही तसेच.

"काका, हे लालच होतं."

त्यांना पटेना. मग समजावलं: तेव्हाच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. जे लाल, ते छापताना काळं. लावलेलं कुंकू, रंगवलेले ओठ, सगळंच.

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मी चहा मागवला आणि नको तितकं बोललो (ही माझी खोड आहे). १९१३ साली आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमळाबाई मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहत. नाटक कंपनीत कामं करून मुलीला वाढवत होत्या. कमळाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांची आजी. खुद्द फाळके आपल्या कलाभवनात शिकलेले.

"म्हणजे आमचीच एकटी नव्हती," काका म्हणाले. मग थोड्या वेळानं, "अंघोळ करणाऱ्यांत माझे वडीलही होते. तेव्हा सहा वर्षांचे."

यावर मला काही बोलता आलं नाही. चहा निवला.

त्यांनी दोन प्रती सांगितल्या. एक आहे तशी. दुसरीत बाकी सगळं कृष्णधवल, फक्त कुंकू लाल. एरवी असली अर्धवट रंगरंगोटी मला अजिबात आवडत नाही, लग्नाच्या अल्बमात तर डोळ्यांत खुपते. पण यावेळी मुकाट्यानं बसलो. कुठला लाल घ्यायचा यावरच अर्धा तास गेला. एक नारिंगीकडे झुकला, एक रक्तासारखा वाटला. शेवटी काकांनी घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पिंजर लावायच्या तेव्हा," पलीकडून काकू म्हणाल्या. "आणि जरा मोठं काढा हो. चिरी नको."