आमची वाटचाल : एका उसवलेल्या बगलेपासून

आमच्या दुकानात अंगरखे शिवायला सुरुवात झाली ती 2011 साली. तोवर मी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवायचे. जवळच्या शाळेतले इतिहासाचे सर दांडपट्टा खेळायचे, मुलांनाही शिकवायचे. ड्रेपरीतून भाड्यानं आणलेल्या साटीनच्या अंगरख्यांना ते कंटाळले होते. "ताई, अंगात घालून खरोखर पट्टा फिरवता येईल असा शिवून द्या," म्हणाले. मी हो म्हटलं. शेरवानीचं पेपर कटिंग घेतलं, छातीवर एक पान दुसऱ्यावर आणलं, बंद लावले. दिसायला देखणा झाला होता. सरांनी घालून हात वर केला आणि अख्खा अंगरखा कमरेपासून वर चढला. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा उजवीकडची शिवण टरकन उसवली.

सासूबाई आत बसल्या होत्या. त्यांनी तो अंगरखा उलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याची बगल कुठंय?"

त्यांचं माहेर सोलापूरचं, वडील शिंपी. संक्रांतीच्या आधी त्यांच्या घरात सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी पांढऱ्या बाराबंद्यांचे ढीग लागायचे. बाराबंदीचे बारा बंद, म्हणजे सहा जोड्या, वळून उलटवायचं काम मुलींकडे असायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माझं शिवणकाम बघत होत्या, पण एक शब्द बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना वाटायचं की सून टेलरिंगचा डिप्लोमा झालेली आहे.

त्या दिवशी त्यांनी जे दाखवलं त्यावर आमचं आजचं सगळं काम उभं आहे. आपण मुंढा, म्हणजे बाहीसाठीचं भोक, गोल कापतो आणि बाही त्यात बसवतो. जुन्या बेतात गोल मुंढा नसतोच. बाही सरळ, अंगाला काटकोनात जोडलेली, आणि त्या जोडाखाली एक चौकोनी तुकडा कोनावर बसवायचा. तीच बगल. हात वर गेला की ताण त्या तुकड्यावर उरेब, म्हणजे तिरका, पडतो, कापड तेवढं सुटतं आणि कमरेचा भाग जागचा हलत नाही. हातशिलाईच्या जुन्या चोळ्यांतही बगलेचा तुकडा ह्याचसाठी असायचा. सरांचा अंगरखा पुन्हा बेतला. सासूबाईंनी मापं टेपनं घेतलीच नाहीत. वीत, मूठ आणि चार बोटं, बस्स. बगलेची बाजू चार बोटं. आजही आमच्या वहीत ते माप सेंटिमीटरमध्ये नाही.

त्यांचं पितळी अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायला बोटात घालायचं टोपण, अजून वापरात आहे. शिंप्याचं आहे, टोकाला उघडं, कारण शिंपी सुई बोटाच्या टोकानं ढकलत नाही, बाजूनं ढकलतो. मला ते जमायला चार महिने लागले आणि मधलं बोट सोलून निघालं. सोबत मेणाचा गोळा. सुती दोरा मेणातून ओढला की गुंता होत नाही आणि टाका घट्ट बसतो. नव्यानं शिकणाऱ्यांना माझं सांगणं आहे की महागडं मशीन घेण्याआधी ह्या दोन वस्तू घ्या. शिवणयंत्राचं अमेरिकेतल्या एलियास होवचं पेटंटच 1846 चं. शिवकाळाचा किंवा पेशवाईचा पोशाख म्हणून जे अंगावर घालाल त्यातला प्रत्येक टाका मुळात हाताचा होता. आम्ही आतल्या लांब शिवणी मशीनवर मारतो आणि गिऱ्हाइकाला तसं आधी सांगतो. दिसणारी शिवण मात्र हाताचीच.

घेराच्या कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तुकडे, जोडताना उभी बाजू उरेब बाजूला लावा, दोन उरेब बाजू एकमेकींना कधीही लावू नका, घेर लोंबतो. दुमड घालण्याआधी जामा, म्हणजे लांब घेरदार अंगरखा, एक रात्र टांगून ठेवा, जिथं ओघळायचं तिथं ओघळू द्या, मग खालची कड सारखी करा. आणि हातमागाचं कोरं कापड दोनदा धुतल्याशिवाय कात्री लावू नका.

सरांनी आमच्याकडून आणखी एक गोष्ट पक्की करून घेतली. मुघल लघुचित्रांत हिंदूंचा जामा त्यांच्या डाव्या बगलेत बांधलेला दिसतो, मुसलमानांचा उजव्या. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलच्या आइने-अकबरीतही अकबरानं तकौचिया नावाच्या कपड्याचा चिरलेला घेर गोल करवला आणि डावीकडचा बंद उजवीकडे आणवला, अशी नोंद आहे. म्हणून माप घेण्याआधी आम्ही विचारतो की पात्र कोणतं. अफझलखान आणि महाराज दोघांचे बंद एकाच बाजूला पाहिले की मला अजूनही त्रास होतो.

मधली वर्षं चांगली गेली.

मग 2023 आलं. शिवराज्याभिषेकाच्या 350व्या वर्षामुळे सगळीकडे मागणी होती. मर्दानी खेळाच्या एका पथकानं चाळीस अंगरखे सांगितले. मी दोनशे मीटर पांढरं हातमाग कापड उधारीवर उचललं, धुतलं, निम्मं बेतलंसुद्धा. आगाऊ पैसे मागितले नाहीत, ती माझी चूक. त्यांनी एक अंगरखा नमुना म्हणून नेला आणि आठ दिवसांनी परत आणून दिला. उलटा केला तर आम्ही हातानं घातलेली उजव्या बगलेची शिवण आता मशीनची होती. कुणीतरी माझा अंगरखा उसवून कागदावर उतरवून घेतला होता आणि पुन्हा टीप मारली होती. दोराही मेणाचा नाही, पॉलिस्टरचा.

पुढच्या आठवड्यात ऑर्डर रद्द. काम गेलं ते आमच्याकडेच दोन वर्षं शिकलेल्या मुलाकडे, निम्म्या दरात. त्यानं साटीन वापरलं, बंद नुसते शोभेचे, आत व्हेल्क्रो. बगल मात्र आमचीच होती, चार बोटांची. सासूबाईंनी स्वतःच्या बोटांनी मोजून पाहिली. त्या माणसाचं आज मोठं दुकान आहे, त्याच्याकडे गर्दी असते, आणि त्याला ती बगल कुणी शिकवली हे तो कुठंच सांगत नाही. पैशांचं नुकसान भरून निघालं, हे नाही निघालं.

कापडवाल्याची उधारी तीन महिन्यांची होती. मी मशीन विकायला काढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "पांढरंच आहे ना? मग बाराबंद्या कर." बेतलेले अंगाचे तुकडे सरळ होते, त्यांतून बाराबंदीचं अंग निघालं, कळ्यांच्या तुकड्यांतून बंद. कापडवाल्यानं संक्रांतीपर्यंत थांबायचं कबूल केलं. आम्ही दोघी आणि माझी मुलगी, दिवाळीनंतर रोज रात्री एक वाजेपर्यंत. जानेवारीत सोलापूरला सासूबाईंच्या भाच्याच्या घरी बसून शेवटची बाराबंदी विकली. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आमच्या बाराबंद्या ओळखू आल्या तेव्हा सासूबाई माझा हात धरून उभ्या होत्या.

सरांनी त्या वर्षी बारा मुलांचे अंगरखे आमच्याकडेच केले, पूर्ण पैसे आधी देऊन. त्यांचा 2011 चा अंगरखा यंदा बंद बदलायला आला होता. कोपर विरलंय, बगल शाबूत आहे.

सासूबाईंना आता सुईत दोरा दिसत नाही, पण बंद त्याच वळतात. ज्येष्ठातल्या शिवराज्याभिषेक सोहळ्याची मापं आम्ही माघापासून घेतो. निम्मे पैसे आधी, नमुना दुकानाबाहेर जात नाही. माप द्यायला याल तेव्हा पट्टा सोबत आणा, हात वर करून दाखवावा लागतो.